पळून दाखवायचं नाही

फोन बटाट्याच्या सॅलडच्या भांड्याला टेकवून उभा केला होता, आणि सकाळपासून टॉलिव्हरांच्या घरातलं एकही माणूस त्या सॅलडला हात लावत नव्हतं. न जाणो, चमचा लागायचा आणि फोन आडवा पडायचा. जसा काही आडवा पडला की तो वाजणारच नव्हता!

अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघांत नव्या पोरांच्या निवडीचा तिसरा दिवस होता. पहिले दोन दिवस मोठ्या मानकऱ्यांचे, सूटबूट घालून स्टेजवर टोप्या मिरवणाऱ्यांचे. शनिवार उरलेल्यांचा. देशातले सगळे मोठे संघ आळीपाळीने एकेक नाव उचलणार आणि सातवी फेरी संपली की कारभार आटोपला. टॉलिव्हरांच्या एमरीचं नाव चौथ्या फेरीत येणार असं आमच्या मार्लो गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी होतं. चौथी गेली, पाचवी गेली. आता सहावी चालू होती. चर्चमधली, शाळेतली, नदीपलीकडची मंडळी अंगणात कागदी ताटल्यांतून तळलेला मासा खात होती, आणि व्हरांड्यात आणून ठेवलेल्या टीव्हीवर एक डोळा ठेवून होती.

त्यातही सगळ्यांना दिसत होतं की एमरीचा आजोबा, इझेल म्हातारा, भट्टीपाशी आहे आणि त्याचा मुलगा, म्हणजे एमरीचा बाप क्लिफ्टन, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. बापलेक महिनाभर बोलत नव्हते. का, तर मार्च महिन्यात एमरी पळाला होता.

संघांची माणसं हातात घड्याळं घेऊन त्याच्या कॉलेजच्या मैदानावर आली होती. त्यांच्यासमोर हे पोर चाळीस यार्ड जीव खाऊन धावलं आणि घड्याळवाले एकमेकांकडे बघतच राहिले. दुसऱ्या एखाद्या घरात पेढे वाटले असते. टॉलिव्हरांच्या घरात सुतक आल्यासारखं झालं.

कारण या घराचा नियमच तसा आहे. फेकून दाखवायचं, पळून दाखवायचं नाही. एमरी आठ वर्षांचा असल्यापासून क्लिफ्टनने हे त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. चेंडू फेकणारा, समोरच्या अकरांची नियत ओळखणारा, आपल्या दहांना कुठे उभं राहायचं ते सांगणारा, तो क्वार्टरबॅक. संघाचं डोकं. आणि आपल्या काळ्या पोराने एकदा का वेग दाखवला, की लोकांना त्याचं डोकं दिसायचं बंद होतं. मग सुरू होतात, बाळा, काय पाय आहेत तुझे! तू झेलणारा हो, तू पळणारा हो. हल्ली आपल्यातलेही चारदोन जण क्वार्टरबॅक म्हणून गाजतात, नाही असं नाही. पण ते सूर्यासारखे तळपणारे. साध्यासुध्या, बऱ्यापैकी काळ्या क्वार्टरबॅकला जागा कुठाय? साधासुधा असण्याची मुभा फक्त त्यांच्या पोरांना.

क्लिफ्टन शेवटी बरगड्या न्यायला भट्टीपाशी आला. न येऊन सांगतो कोणाला, पाव्हणे खोळंबले होते.

"झाल्या?"

"होतायत," इझेल म्हणाला. अर्ध्या कापलेल्या पिंपाच्या त्या भट्टीशी तो सकाळपासून उभा होता. चिमटा धरलेल्या हाताची दोन बोटं भलतीकडेच वळलेली. नऊ हंगाम मोठ्या संघात बचावफळीत खेळला, त्याची ती कमाई. मागचं विटांचं घर ही दुसरी कमाई.

"सहावी फेरी आहे, डॅडी."

"मला मोजता येतं."

"तुम्ही त्याला पळायला सांगितलं नसतंत, तर चौथीतच गेला असता. क्वार्टरबॅक म्हणून."

इझेलने बरगडी उलटी केली. क्लिफ्टनने परात उचलली आणि पाय आपटत निघून गेला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, शाळेच्या संघाचा कोच, पण बापासमोर अजून तसाच पाय आपटतो.

म्हाताऱ्याला खरं ठाऊक होतं. मार्चमध्ये मैदानाच्या कुंपणाशी तो उभा होता आणि त्याने सुनेला पोराच्या कानाशी लागताना पाहिलं होतं. तो काही बोलला नव्हता, एवढंच.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला. एमरीने फोन उचलला, तर त्याची आत्या वर्लीन ओरडली, "स्पीकरवर लाव! स्पीकरवर!" गावाच्या पोस्टात तीस वर्षं काढलेली बाई, तिला बंद पाकीट बघवत नाही.

उत्तरेकडच्या एका संघाचा माणूस होता. संघाचं नाव मी घेत नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी हेच बोलला असता.

"एमरी, बेटा! कसा आहेस?"

"बरा आहे, सर."

"आमचा नंबर जवळ आलाय आणि आम्हाला तू हवायस. इथे सगळे खूश आहेत तुझ्यावर. काय तो वेग रे तुझा! फक्त एक गोष्ट. आम्ही तुला झेलणारा म्हणून घेणार. चालेल ना?"

"सर, मी क्वार्टरबॅक आहे. चार वर्षं तेच खेळलोय."

"अरे, आहेसच. कोण नाही म्हणतंय? पण देवाने एवढं दिलंय, ते लपवून काय करायचं? घरच्यांशी बोल. पाच मिनिटांत परत फोन करतो. तू हो म्हणालास की तुझं नाव टीव्हीवर."

रनीटाच्या हातातला गार चहाचा जग तसाच राहिला. एमरीची आई ती. पोराच्या कानात तिने जे सांगितलं होतं, ते जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं. देवाने एवढं दिलंय, लपवतोस कशाला? तिने ते आईच्या मायेने म्हटलं होतं. आता तेच तिच्या अंगणात स्पीकरवरून तिच्या पोराला सुनावलं गेलं.

"हो म्हण!" वर्लीनने टाळीच वाजवली. "एमरी, राजा, हो म्हणून टाक. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. झेल नाहीतर फेक, संघ तोच, शर्ट तोच!"

"नाही," क्लिफ्टन म्हणाला.

"तुला कोणी विचारलं?"

"मी बाप आहे त्याचा."

"बाप आहेस म्हणूनच सांगते. तुलाही असाच फोन आला होता, तू नाक वर करून नाही म्हणालास, आणि गेलास कॅनडाला. सहा वर्षं बर्फात क्वार्टरबॅकगिरी केलीस. कोणी पाहिली? आई गेली तेव्हा तू वादळात अडकलेला. आईला मूठमाती मी एकटीने दिली, क्लिफ्टन."

हे वर्मी लागलं. कॅनडाच्या त्या सहा वर्षांत त्याच्या संघाने दोनदा चषक जिंकला होता, आणि मार्लोत अजून लोक त्याला विचारतात, तिकडे नक्की काय करत होतास रे? बहिणीवर काढता येईना तेव्हा तो राग नेहमीच्या वाटेने बापाकडे गेला.

"हे सगळं तुमच्यामुळे, डॅडी. क्वार्टरबॅकगिरी सोडून बचावात खेळायला तुम्ही मान डोलावलीत त्या काळी, आणि आता पोरालाही तेच शिकवलंत. पळ म्हणे! यांना पळूनच दाखवायचं असतं!"

"त्यांना काही बोलू नकोस," रनीटाने जग टेबलावर आदळला. "मी सांगितलं त्याला."

"काय?"

"पळ म्हणून. मी सांगितलं. पंधरा वर्षं बघतेय, पोराला हळू चालायला शिकवतोयस तू. बागेत मुलं पळायची आणि आपलं पोर बापाकडे बघायचं, पळू का म्हणून! गोऱ्या मुलाने वेग दाखवला की म्हणतात, हुशार तर आहेच, वर चपळही आहे. आपल्याने दाखवला की त्याचं डोकं गळून पडतं होय? मला पटत नव्हतं. म्हटलं, बघू दे सगळ्यांना सगळं. चुकलं माझं. पण कुणाचं चुकलं ते नीट बघ, क्लिफ्टन. पळणाऱ्याचं की बघणाऱ्याचं?"

चर्चमधल्या बायकांनी माना खाली घालून ताटल्यांत काटे शोधायला घेतले.

क्लिफ्टन बापाकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग महिनाभर माझा राग का सोसलात?"

"माझ्यावर तू तीस वर्षं रागावलेलाच आहेस," इझेल म्हणाला. "त्यात आणखी एक महिना खपून गेला असता. तिच्यावर रागावला असतास तर जेवला कुठे असतास?"

कोणीतरी फिसकन हसलं. क्लिफ्टन हसला नाही, पण खुर्ची ओढून खाली बसला.

एमरी इतका वेळ फोन हातात धरून उभा होता. बावीस वर्षांचा, उंच, आईच्या डोळ्यांचा. बापाचं काय मत आहे हे त्याला पाठ होतं, आत्याचंही कळलं होतं. तो आजोबांकडे गेला. "आजोबा, तुम्ही हो म्हणालात. मग काय झालं?"

घरात ही गोष्ट कधी कोणी विचारली नव्हती. विटांच्या घरात राहून विटांची चौकशी कोण करतो? इझेलने चिमटा भट्टीच्या कडेला ठेवला.

"काय व्हायचंय? चांगलं झालं. खोटं नाही सांगत तुला. हे छप्पर त्याचंच आहे. तुझी आत्या शिकली, तुझा बाप शिकला. मला त्याचा पस्तावा नाही."

"मग हो म्हणू?"

"पुढचं ऐकून घे. क्वार्टरबॅकांची बैठक वेगळ्या खोलीत व्हायची. दार लावून. मी कॉलेजात चार वर्षं त्याच खोलीत बसलेला माणूस. तिथे नऊ वर्षं त्या दारावरून गेलो, आत कधी नाही गेलो. मैदानात मला आधीच कळायचं, समोरचा आता चेंडू कुठे टाकणार ते. कळणारच, मी स्वतः टाकत आलेलो. मी ओरडून सांगायचो आणि तसंच व्हायचं. कोच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, इझेल, काय रे तुझी उपजत जाण! गोऱ्या पोराने ओळखलं तर तो अभ्यास. मी ओळखलं तर उपजत. जनावराला वास येतो ना, तसं. नऊ वर्षांत एकदाही कोणी मला विचारलं नाही, तुला कसं कळलं म्हणून."

त्याने चिमटा परत उचलला. मग म्हणाला, "आमच्यात एक हॅरल्सन होता. राखीव क्वार्टरबॅक. माणूस सोन्यासारखा, अजून नाताळला कार्ड पाठवतो. तू माझ्याहून बरा फेकतोस, असं तोच मला म्हणायचा. अकरा वर्षं बाकावर बसला. स्वच्छ पँट, हातात डावपेचांची पाटी. मैदानात आला असेल चारपाच वेळा. पुढे तो कोच झाला, मग वरच्या ऑफिसात गेला. बाकावरून वरच्या खोलीला जिना जातो, बाळा. मैदानातून दवाखान्याला जातो. मला काही तुला तारा झालेला बघायचं नाही. मला आपल्या घरातला एक माणूस त्या बाकावर स्वच्छ पँट घालून बसलेला बघायचाय. पण आयुष्य तुझं आहे. मी सांगितलं म्हणून काही करू नकोस."

"डॅडी, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? तेव्हा?" क्लिफ्टनने विचारलं.

"तू विचारलं नाहीस. तू रागावून आलास आणि रागावून गेलास."

फोन वाजला. या वेळी एमरीने स्पीकर लावला नाही. कोपऱ्यात पेकनच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. त्याची पाठ सगळ्यांना दिसत होती. "थँक यू, सर," एवढं ऐकू आलं. मग, "नाही, सर. क्वार्टरबॅक." मग परत, "थँक यू."

वर्लीनने कपाळावर हात मारून घेतला.

त्या संघाने दुसरं कोणी घेतलं. सहावी फेरी संपली, सातवी लागली. सातवीच्या मध्यात एका संघाने क्वार्टरबॅक उचलला आणि अंगणात जरा हालचाल झाली. ओहायोकडचा एक गोरा मुलगा. सप्टेंबरमध्ये एमरीच्या कॉलेजने याच मुलाच्या संघाला हरवलं होतं, आणि याचे तीन चेंडू एमरीच्या मित्रांनी पळवले होते. टीव्हीवाला कौतुकाने सांगत होता, मैदान वाचतो, सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. मग पडद्यावर न निवडलेल्यांची नावं सरकली. त्यात एमरी टॉलिव्हर हे नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं, झेलणारा.

"अरे, पण याने कधी झेललं?" वर्लीन उठून टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. "आयुष्यात एक चेंडू झेलला नाही माझ्या भाच्याने! हे कोणी लिहिलं? कोण आहे रे तो?" आणि टीव्हीला शिव्या घालता घालता तिला रडू कोसळलं. हो म्हण म्हणून टाळ्या वाजवणारी तीच. पण पडद्यावरचं ते पाहिलं आणि ती एका क्षणात भावाच्या बाजूची झाली. क्लिफ्टनने उठून तिला जवळ घेतलं. कॅनडाचं काय ते त्यांच्यात मिटलं की नाही, मला ठाऊक नाही, पण बराच वेळ ती दोघं तशीच उभी होती.

निवड संपली. एमरीचं नाव आलं नाही.

पाव्हणे उठले. आमच्याकडे जेवण आटोपलं तरी ताट बांधून दिल्याशिवाय कोणी जात नाही, मग घरात आनंद असो की दुःख. रनीटा एकेका ताटलीवर चंदेरी कागद घट्ट दाबत होती. बायका म्हणत होत्या, देव बघतोय. ती म्हणत होती, हो ना. मनातून ती म्हणत होती, माझ्या एका बोलण्याने पोराचं वाटोळं झालं.

या वेळेला मात्र खरे फोन सुरू होतात. उरलेल्यांना संघ थेट बोलावतात, भाजी बाजार उठताना उरलेली जुडी उचलावी तसे. पहिला आला. झेलणारा होशील? नाही, सर. दुसरा आला, तेच. एमरीचा आवाज आता थकला होता. तिसरा वाजला तेव्हा तो भट्टीजवळच बसला होता. उठून लांब जायचीही त्याच्यात ताकद नव्हती. त्याने मांडीवरच स्पीकर लावला.

"टॉलिव्हर?" म्हातारा, खरखरीत आवाज. "मी क्वार्टरबॅकांचा कोच आहे. मला एक सांग. सप्टेंबरचा तो खेळ, शेवटचा डाव. चेंडू हातात यायच्या आधी तू तुझा पळणारा उजवीकडून डावीकडे आणलास. का?"

एमरी सरळ बसला.

"सर, त्यांचा डावीकडचा मागचा गडी येणार होता. अंगावर."

"कसं कळलं?"

भट्टीमागे इझेलचा हात जागच्या जागी थांबला.

"टाचा, सर. तो मागे राहणार असला की टाचा टेकून उभा राहतो. येणार असला की टाचा उचलतो. मी आठवडाभर त्यांचे जुने खेळ बघितले. सहा खेळांत एकदाही चुकला नव्हता."

"म्हणजे अभ्यास केलास."

"हो, सर."

"हं." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "हे बघ, आशा लावत नाही. माझ्याकडे तिघं आहेत, तू चौथा. उन्हाळाभर ठेवेन. ऑगस्टमध्ये घरीही पाठवीन. तुझा वेग मी पाहिलाय, त्याचं काय करायचं ते आपण दोघं ठरवू. माझ्या खोलीत एक खुर्ची रिकामी आहे. येतोस?"

"क्वार्टरबॅक म्हणून?"

"मग मी टाचांचं कशाला विचारतोय?"

"येतो, सर."

फोन बंद झाला. रनीटा चंदेरी कागदाचा बोळा हातात धरून तिथेच खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळी रडली. वर्लीन डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे तू तिथे करणार काय?"

"बहुतेक बसणार, आत्या."

"बसू दे," इझेल म्हणाला. "या घराचं खूप पळून झालंय. एक जण बसू दे."

पण तो स्वतः उभाच होता. चेहरा भट्टीकडे, पाठ सगळ्यांकडे. क्लिफ्टनने एक खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवली, खांद्याला धरून बसवलं, आणि दुसरी खुर्ची शेजारी ओढून स्वतः बसला. म्हाताऱ्याचे डोळे ओले होते, धुराने म्हणा हवं तर. त्याने वाकड्या बोटांनी नातवाच्या गुडघ्यावर टकटक केलं.

"फक्त टाचा बघितल्यास?"

"हो, आजोबा."

"चुकलास. टाचा कोणीही फसवायला उचलतो. त्याची नजर बघायची. आणि चेंडू तू डावीकडे टाकलास, मी असतो तर मधोमध टाकला असता."

"मधोमध?" क्लिफ्टन उसळला. "डॅडी, मध्ये दोन माणसं उभी होती!"

"होती. पण माझा चेंडू तिथे पोचेपर्यंत नसती राहिली."

"कसं कळलं तुम्हाला?" एमरीने विचारलं.

इझेलने खुर्ची पुढे सरकवली. बटाट्याच्या सॅलडचं भांडं जवळ ओढलं, दोन पेले इकडे ठेवले, तीन तिकडे, आणि सांगायला लागला.